सांताचं पोतं

मंडळी, आज दुपारी नातीसोबत कार्टून सिनेमा पाहत होतो, सांताक्लॉजची गोष्ट मुळात कशी सुरू झाली त्याचा. त्या म्हाताऱ्याने पहिल्यांदा पोतं खांद्यावर घेतलं आणि माझे हातपाय गार पडले.

"आजोबा, घाबरलात काय? चांगलाय ना तो."

पंच्याऐंशी सालाच्या सुमारास आम्ही अंधेरीत राहायचो. या नातीची आई, माझी मुलगी, तेव्हा लहान होती; तिला मी शाळेतल्या कविता म्हणत भरवायचो. तरी जेवली नाही की म्हणायचो, "झोळीवाल्याला देईन."

नाताळात आमचे एक शेजारी सांता बनून, पोतं घेऊन दारात आले. पोर जी पळाली, ती दोन तास सापडेना. मी वर्सोव्याच्या खाडीपर्यंत शोधून आलो. शेवटी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे दिसली, थरथरत.

"बाबा, मी सगळा भात खाते. मला देऊ नका ना."

तुम्ही मुलांना कोणाची भीती घालता?