पाकवाल्यांचा आकडा का चढला

कपूरसाहेबांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा मी दुसरी स्लाइड अजून दाखवलीच नव्हती.

गुडगावातल्या एका काचेच्या टॉवरमधली कॉन्फरन्स रूम होती. कपूर हे मध विकणाऱ्या एका कंपनीचे मार्केटिंग हेड. शेजारी माझे बॉस, डॉ. सक्सेना. मी दिल्लीतल्या एका संशोधन संस्थेत फूड केमिस्ट होते आणि या कंपनीच्या पैशातून चाललेला मधाचा अभ्यास माझ्याकडे होता. पहिल्या स्लाइडवर एवढंच होतं, की रोज दोन चमचे मध खाणाऱ्यांच्या रक्तातली अँटिऑक्सिडंट ताकद दोन महिन्यांत वाढली.

अँटिऑक्सिडंट म्हणजे काय, ते आधी सांगते. सफरचंद चिरून ठेवलं की काळं पडतं. लिंबू चोळलं तर पडत नाही. हवेतला ऑक्सिजन फळावर जे करतो, तशाच प्रकारची झीज शरीरातही चालू असते आणि लिंबासारखं काम करणारे काही पदार्थ ती रोखतात. वनस्पतींत ते भरपूर असतात. फुलांच्या रसातून थोडे मधातही उतरतात. रक्तात त्यांची एकूण ताकद किती, हे मोजता येतं.

"मॅडम, कमाल है!" कपूर म्हणाले. "होळीनंतर लाँच आहे. हीच लाइन डब्यावर टाकू."

"सर, अजून एक स्लाइड आहे."

अशा अभ्यासात लोकांचे दोन गट करतात. एकाला मध दिला होता. दुसऱ्याला तसाच दिसणारा, तशाच चवीचा साखरेचा पाक. कोणाच्या बरणीत काय आहे, ते खाणाऱ्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही नाही. चिठ्ठी टाकून वाटप झालं होतं आणि त्याची यादी सक्सेनासाहेबांच्या कपाटात सीलबंद होती. आदल्या दिवशी ती उघडली, तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो.

पाक खाणाऱ्यांचा आकडाही तेवढाच वाढला होता.

मी दुसरी स्लाइड लावली. मग कपूर हसून म्हणाले, "दुसरी वाली रहने दीजिए. मधवाल्यांचा वाढला, हे खरं आहे ना?"

"खरं आहे."

"बस. तेवढंच लिहा."

परतताना गाडीत सक्सेनासाहेबांनी आकडे पुन्हा चाळले. मग म्हणाले, "रूथ, ते म्हणतात तसं लिहिणार नाही. पण पाकाने रक्त सुधारलं असंही लिहिता येत नाही, लोग हँसेंगे. कारण शोध. नाही सापडलं तर अख्खा अभ्यास फेकून द्यावा लागेल."

माझी नोकरी त्या प्रोजेक्टवरच होती. तरी खरं सांगते, त्या वेळी नोकरीची काळजी कमी वाटली आणि उत्सुकता जास्त. साखरेचा पाक रक्ताला ताकद देतो? छे! मधे काहीतरी तिसरंच होतं आणि ते मला हवं होतं.

पहिला संशय मशीनवर. फ्रीझरमध्ये राखून ठेवलेले रक्ताचे नमुने पुन्हा लावले. आकडे तेच. दुसरा संशय बरण्यांवर. कदाचित मध आणि पाक यांची अदलाबदल झाली असेल. त्यासाठी एक सोपी टेस्ट आहे. डीपीपीएच नावाचं गडद जांभळं द्रावण असतं. त्यात अँटिऑक्सिडंट घातलं की जांभळा रंग उतरतो आणि फिकट पिवळा होतो. उरलेल्या बरण्यांतून थोडं थोडं घेऊन घातलं. मधाच्या नळ्या हळूहळू फिकट झाल्या. पाकाच्या जांभळ्याच राहिल्या. म्हणजे बरण्याही बरोबर.

मग सरासरी बाजूला ठेवून मी एकेका माणसाचा आकडा बघायला लागले. सरासरी ही फार गोड बोलणारी बाई आहे. ती प्रत्येकाबद्दल चांगलं सांगते आणि कोणाबद्दलच खरं सांगत नाही. निम्म्या लोकांचा आकडा जागचा हललाच नव्हता. उरलेल्यांचा मात्र उसळला होता. आणि दोन्ही प्रकारचे लोक मधातही होते आणि पाकातही.

नावं वाचताना मी खुर्चीत सरळ झाले. न हललेले सगळे माझ्या बिल्डिंगमधले. उसळलेले सगळे पार्कपलीकडच्या बिल्डिंगमधले.

आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहत होतो. माझे मिस्टर केंद्र सरकारच्या नोकरीत. अभ्यासासाठी व्हॉलंटिअर शोधताना मी शेजारीपाजारीच गाठले होते, आमच्या बिल्डिंगमधले आणि समोरच्या पार्कपलीकडच्या बिल्डिंगमधले. मधुमेह नसलेले, औषधं चालू नसलेले. सारख्याच नोकऱ्या, सारखंच पाणी, भाजी एकाच आठवडी बाजारातली. मग फरक कुठला?

शनिवारी सकाळी मी पार्क ओलांडून शेख वहिनींकडे गेले. त्या मूळच्या सोलापूरच्या, दिल्लीत आमच्याही आधीपासून. पाकाच्या गटातल्या, आणि आकडा सगळ्यात जास्त उसळलेला त्यांचाच.

"वहिनी, हिवाळ्यात काय काय खाल्लंत, सगळं सांगा."

"अगं, सगळे खातात तेच. पालक, मेथी, मटार, पेरू, संत्री."

"ते आम्हीही खातो. आणखी?"

"आणखी काय? गाजर का हलवा. भाकरी तर इथे मुलं खातच नाहीत."

"एखादं टॉनिक? च्यवनप्राश?"

"नाही गं बाई. तूच नको म्हणाली होतीस ना?"

मी हिरमुसले. तेवढ्यात बेल वाजली. दारात तळमजल्यावरच्या भाटिया आंटी, हातात स्टीलचा जग. "लो शेख बहनजी, आज की!" असं म्हणून त्यांनी दोन ग्लास भरले. एक माझ्या हातात दिला.

ग्लासातलं पेय जांभळं होतं. वांग्यासारखं गडद जांभळं.

मी घोट घेतला. आंबट, खारट, आणि मोहरीचा झणका थेट नाकात. डोळ्यांत पाणी आलं. "आंटी, ये क्या है?"

"कांजी! पी नहीं कभी?"

आपल्याकडे कांजी म्हटलं की कपड्यांची खळ आठवते. पंजाब्यांची कांजी वेगळी. थंडीत दिल्लीच्या बाजारात काळी गाजरं येतात. चिरली की हात जांभळे होतात. त्यांचे तुकडे, मोहरीची पूड, मीठ आणि पाणी बरणीत घालून काही दिवस उन्हात ठेवायचं. आपोआप आंबतं. त्या गाजराचा जो जांभळा रंग, तोच एक जबरदस्त अँटिऑक्सिडंट. हे मी पुस्तकात वाचलं होतं. प्यायले आज होते.

"कधीपासून पिताय हे?" माझा आवाज चढला होता.

"थंडी पडल्यापासून. तू पहिलं रक्त घेतलंस, त्यानंतर लगेच," शेख वहिनी म्हणाल्या. "आंटी सगळ्या बिल्डिंगला देतात. रोज एक ग्लास. का? चालत नाही का? तुझ्या फॉर्मवर चहा, कॉफी, दारू विचारली होतीस. कांजी कुठे होती?"

मी आंटींना मिठीच मारली. त्यांना काही कळेना. "पुत्तर, इतनी अच्छी लगी?"

सोमवारी एक बाटली घेऊन लॅबमध्ये पोहोचले. सक्सेनासाहेबांना ओढतच टेबलाशी आणलं. कांजी इतकी पातळ केली, की तिचा स्वतःचा रंग जेमतेम गुलाबी उरला. ती डीपीपीएचमध्ये थोडीशी सोडली. मधाला तोच रंग उतरवायला बराच वेळ लागला होता. इथे नळी हलवायच्या आत जांभळा रंग गायब!

"कुछ और तो नहीं डाला?" साहेबांनी चष्मा वर केला.

"तुम्ही करा सर."

त्यांनी स्वतः केलं. पुन्हा केलं. मग खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे हसले. पण लगेच सावरले. "ही काचेची नळी आहे, रूथ. माणसाच्या रक्तात हेच होतं, हे कुठे सिद्ध झालंय?"

बरोबर होतं त्यांचं. सिद्ध करायचा रस्ता एकच होता. कांजी पिणाऱ्या बिल्डिंगने ती बंद करायची आणि न पिणाऱ्या बिल्डिंगने सुरू करायची. पण काळी गाजरं होळीच्या सुमारास संपतात. नंतर पुढच्या थंडीपर्यंत नाव नाही. साहेबांनी एथिक्स कमिटीला गाठलं. माणसांवरच्या कुठल्याही प्रयोगाला तिची परवानगी लागते. एरवी कमिटी सावकाश चालते. साहेब तिच्या दारात बसून राहिले आणि परवानगी घेऊनच उठले.

भाटिया आंटींना तर स्फुरण चढलं. "मेरी कांजी पे रिसर्च!" त्या भेटेल त्याला सांगत सुटल्या. मंडईतून आम्ही दोघींनी मिळतील तेवढी गाजरं उचलली. आमच्या गच्चीवर बरण्यांची रांग लागली. एक माकड आलं, मोहरीचा वास घेतला आणि परत गेलं.

आमच्या बिल्डिंगने नाकं मुरडत ग्लास तोंडाला लावले. पलीकडच्या बिल्डिंगने मात्र बंडच केलं. "हा कसला न्याय?" शेखसाहेब मला पार्कमध्ये अडवून म्हणाले. "मध तुम्ही दिलात, खाल्ला. पाक दिलात, खाल्ला. आता आमची स्वतःची कांजी बंद?"

"थोडेच दिवस, भाईजान. सायन्ससाठी."

"सायन्सला सांगा, लवकर आटप म्हणावं."

शेवटचे नमुने घ्यायच्या दिवशी शेखसाहेब खाली मान घालून आले आणि म्हणाले, "काल एक ग्लास प्यायलो. लिहून घ्या." मी त्यांचा नमुना बाजूला काढला. असा प्रामाणिक माणूस अभ्यासातून वगळावा लागला, याचं वाईट वाटलं. तरी ते आले आणि बोलले, हे फार मोठं होतं. न बोलणाऱ्यांनी कितीतरी अभ्यास बुडवलेत.

नमुने मशीनला लावले. एकेक आकडा स्क्रीनवर येऊ लागला. साहेब माझ्या खुर्चीमागे उभे.

"तुमची बिल्डिंग?"

"वर."

"ये वाला?"

"वर!"

"शेख वहिनी?"

"खाली, सर! पहिल्या दिवशी जिथे होता, तिथे परत!"

एकही उलटा गेला नाही असं म्हणणार नाही. दोघंतिघं गेलेच, माणसांचं रक्त आहे. पण चित्र स्वच्छ होतं. मी उठून टाळ्या वाजवल्या, आणि साहेबांनी, ज्यांना मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, जोरात "वाह!" अशी आरोळी ठोकली. बाजूच्या लॅबमधले लोक आग लागली की काय म्हणून धावत आले.

रिपोर्ट मी लिहिला. दोन्ही स्लाइड घातल्या. रोज दोन चमचे मधाने या लोकांच्या रक्तात साखरेच्या पाकापेक्षा वेगळं काही घडलं नाही. जे घडलं, ते काळ्या गाजराच्या कांजीने.

कपूरसाहेब रिपोर्ट घ्यायला स्वतः आले. वाचून म्हणाले, "तो शहद बेकार?"

"नाही सर. तुमचा मध शुद्ध आहे, मी तपासलाय. पोळीला लावायला छान, खोकल्यात घशाला बरा. पण डब्यावर तुम्हाला जी ओळ हवी होती, ती येत नाही."

त्यांनी रिपोर्ट बॅगेत टाकला आणि ते दाराकडे निघाले. मग एकदम वळले. "मॅडम, ही कांजी बाटलीत भरता येईल?"

सक्सेनासाहेबांना इतका ठसका लागला, की पाणी मागवावं लागलं.

त्या ओळीशिवाय डबे बाजारात आले आणि तरी खपले. कंपनीने आमचा प्रोजेक्ट मात्र पुढे वाढवला नाही. साहेबांनी भाज्यांच्या रंगांवर नवा प्रस्ताव लिहिला. तो सरकारी खात्यातून मंजूर झाला आणि मी त्यावर पुढची बरीच वर्षं काम केलं. कांजीचा निबंध छापून आला. त्याच्या शेवटी आम्ही स्पष्ट लिहिलं होतं, की रक्तातला आकडा वाढला म्हणजे आजार टळला असं नाही, आणि पिणं थांबवलं की आकडा उतरतो. भाटिया आंटींनी पहिलं पान फ्रेम करून घेतलं. ते शेवटचं वाक्य शेवटच्या पानावर होतं.

आता मी निवृत्त आहे. लग्नाकार्यात भेटणारी माणसं ओळख झाली की विचारतात, "मग काय, मध खरंच चांगला का हो?" मी विचारते, "कशाच्या तुलनेत?" बहुतेक जण तिथेच विषय बदलतात.