चौदा डबे

लेंपी राउतिओच्या डब्यांवरून आख्खं गाव शेअर घ्यायचं, आणि तिचं डोकं फिरायचं. "मी स्वयंपाकीण आहे की ज्योतिषी?" पण ऐकतो कोण! कॅनडात, उत्तर ओंटारिओतल्या त्या खाणगावात १९६५ साली न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत सगळे दहा-बारा सेंटांच्या शेअरवर खेळत, आणि जमिनीखाली काय लागलं हे कंपनी कुणाला सांगत नसे. मग लोक बघणार काय? तर ही फिनलंडची विधवा रानातल्या ड्रिलवाल्यांना रोज किती डबे पाठवते, ते. डबे वाढले म्हणजे माणसं वाढली, माणसं वाढली म्हणजे तांबं लागलं. झालं यांचं शास्त्र!

त्यात गावाला आणखी एक खोड. ज्याच्याकडे खरी बातमी असे, तो नाक मुरडून सांगे, "छे, काही नाही तिथं," आणि मागल्या दाराने स्वतः शेअर घेई. या भानगडी नकोत म्हणून लेंपीने अकरा वर्षं खाणीबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

मार्चमध्ये लूनलेक कंपनीचा प्रॅटसाहेब आला आणि पाच डब्यांचे एकदम चौदा करून गेला. लेंपी राबू लागली. काळा पाव, खिमा भरलेल्या रोट्या, वेलचीचा गोड पाव. समोरच्या फुटपाथवर रिकामटेकडे मोजायला उभेच! चौदा सेंटांचा शेअर साठावर गेला.

आठवड्याभरात तिच्या लक्षात आलं, परत येणाऱ्या डब्यांतले नऊ लख्ख घासलेले असतात. ड्रिलवाले आणि डबा घासणार? जे बूट काढायला कंटाळतात ते? डबे रानात पोचवणाऱ्या ट्रॅक्टरवाल्या लिओला तिने दारातच धरलं.

"खरं सांग. या नवांतलं खातं कोण?"

"कावळे," लिओ खाली बघत म्हणाला. "माणसं पाचच आहेत, मावशी. वाटेत ओतून टाक, बर्फाने घासून आण, असं साहेबांनी सांगितलंय."

लेंपीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या हातचं अन्न कावळ्यांना, आणि तिच्याच हाताने गावाला टोपी! मेल्याला लाज कशी वाटली नाही! तेवढ्यात तिला शेजारचा ओरेस्ट न्हावी आठवला. भाड्याचं दुकान विकत घ्यायला त्याने अठरा वर्षं पैसे साठवले होते, आणि कालच कुंपणावरून म्हणाला होता, निम्मे लूनलेकमध्ये लावतो. ती एप्रनसकट धावत सुटली.

ओरेस्ट एकाची दाढी करत होता.

"अरे, एक सेंटही लावू नकोस! तिथं काही नाही. नऊ डबे खोटे आहेत. कावळे खातात!"

वस्तरा हवेतच थांबला. ओरेस्ट हळूच हसला.

"अकरा वर्षं तोंड शिवलेलं, आणि आज धावत येऊन सांगता?"

"मग काय वाटोळं होऊ देऊ तुझं?"

"लेंपीबाई, तुम्ही स्वतः किती घेतलेत?"

"एकही नाही रे, मूर्खा! लिओला विचार!"

"कावळे म्हणे!" खुर्चीतलं गिऱ्हाईक फेसासकट उठलं आणि कोट उचलून दाराबाहेर पळालं. ओरेस्टने वस्तरा ठेवून फोन उचलला. लेंपीने वायर धरली, ओरडली, रडकुंडीला आली. त्याने प्रेमाने तिचा हात बाजूला केला आणि दलालाला सांगितलं, "निम्मे नकोत. सगळे लाव."

संध्याकाळी ओरेस्टची बायको हाल्या मधाचा केक घेऊन दारात आली.

"गावात कुणाला नाही, आम्हालाच सांगितलंत. उपकार झाले हो."

"हाल्या, तुझ्या पाया पडते, उद्या बाजार उघडल्या उघडल्या विकायला लाव त्याला!"

"हो हो, तसंच सगळ्यांना सांगते," हाल्या म्हणाली, आणि डोळा मारून केक तिच्या हातात ठेवला.