एकतीस घरांच्या मावशी

बावीस वर्षं त्यांनी जिन्यांखाली, दारांमागे, कपाटांच्या आडोशाला वाकून घराघरातले विजेचे मीटर वाचले. नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे मीटरवाल्या मावशी म्हणायचे. कुठलं कुत्रं नुसतंच भुंकतं आणि कुठलं खरंच चावतं, हे त्यांना तोंडपाठ होतं.

मग दहा-बारा देशांत कारभार असलेल्या एका कंपनीनं शहराचा वीजपुरवठा हाती घेतला. टेकडीवर पवनचक्क्या फिरू लागल्या आणि ती वीज शहरात आणायला जुन्या तारा बदलायचं काम निघालं. घरोघरी नवे मीटर आले. ते आपलं रीडिंग आपणच कळवायचे.

"झालं, आता गाशा गुंडाळायचा," मावशी सुनेला म्हणाल्या.

"अहो आई, कुणी जा म्हटलंय का अजून?"

कुणी म्हटलं नाही. उलट ऑफिसात खुर्ची मिळाली. तारा बदलताना ज्या गल्लीची वीज बंद ठेवायची, तिथल्या घरांना आदल्या दिवशी फोन करायचा. कॉम्प्युटरनं मात्र घाम फोडला. रोज संध्याकाळी सून शेजारी बसून शिकवायची.

"अगं, हा उंदीर पळतोय माझा!"

"पळू दे. टेबलाबाहेर कुठे जाणार?"

एकदा शाळेमागच्या गल्लीतल्या एका घरचा फोन कुणी उचललाच नाही. सकाळी पुन्हा लावला, तरी नाही. मावशींनी पत्ता वाचला आणि त्यांना ते घर आठवलं. पहिला मजला, एकटा राहणारा म्हातारा शिंपी. मीटर त्याच्या पलंगाच्या उशाशी, आणि त्याखाली श्वासाचं यंत्र घरघरत असायचं. त्या आवाजात फोन कसला ऐकू येतोय!

त्या तडक तारांचं काम बघणाऱ्या तरुण इंजिनिअरबाईंकडे गेल्या. "मॅडम, इतक्यात वीज बंद करू नका."

"यंत्राची नोंद नाही आपल्याकडे, मावशी."

"नोंद नसेल. मी डोळ्यांनी पाहिलंय."

तिकडे माणसं खांबावर चढली होती, क्रेन येऊन उभी होती. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग मावशींकडे. फोन उचलून म्हणाल्या, "काम थांबवा."

दीड तासानं बॅटरीची गाडी पोचली. यंत्र तिच्यावर सुरू झालं, शिंप्यानं मास्कमागून हात हलवला, तेव्हा कुठे तारांना हात लागला.

दुपारी इंजिनिअरबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "अशी आणखी किती घरं आहेत?"

मावशींनी डोळे मिटले आणि एकेक जिना आठवत गेल्या. शिंप्याचं धरून एकतीस घरं निघाली. त्यानंतर वीज बंद व्हायच्या आदल्या दिवशीच त्या घरांत बॅटरी पोचू लागली.

घरं मोजली त्या संध्याकाळी चपला काढता काढताच त्यांनी सुनेला सगळं सांगितलं. "बावीस वर्षं माझ्याकडे फक्त आकडा मागितला गं सगळ्यांनी. आत काय पाहिलं, ते आज कुणीतरी विचारलं. भलं होवो त्या पोरीचं."

मावशींनी सुनेचा हात हातात घेतला. "आणि तू त्या खुर्चीत टिकवलंस मला. नाहीतर कुठली मी आज तिथे असते?"