शेवटच्या ओळीतलं नाव

पोलादपूरला जायचं ठरलं ते स्टाफरूममधल्या एका वादावरून. साठ साल नुकतंच उलटलं होतं. मी पुण्यात मराठीचा नवा शिक्षक होतो आणि शाळेच्या पुस्तकांतल्या सगळ्या विरहकविता मला तोंडपाठ होत्या. (आजही आहेत. रक्तदाबाची गोळी घेतली की नाही, तेवढं आठवत नाही.) विरह मांडावा तर पुस्तकातल्या कवींनीच, असं मी ठासून सांगत होतो. चित्रकलेचे कदम मास्तर पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या वाडीचे. ते शांतपणे म्हणाले, "तुमचा विरह बाकावर बसून वाचायचा असतो. आमच्याकडे तो पायांत चाळ बांधून नाचतात. गणपतीला चला माझ्याबरोबर."

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. त्यांचा चुलतभाऊ सखाराम मुंबईत गिरणीत होता आणि वाडीच्या नाचाचा शाहीर होता. लग्नाला चार वर्षं झाली, तरी बायकोला तो मुंबईला नेत नव्हता. खोली मिळत नाही, ही सबब. शिमग्याला ती जी माहेरी गेली, ती परत आलीच नाही. माहेर शेजारच्याच वाडीत.

"आता गडी म्हणतो, असं गाणं बांधलंय की ऐकून ती आपल्या पायांनी माझ्यामागं येईल," कदम म्हणाले.

हे ऐकून कोण घरी बसेल? मी पिशवी भरली.

पुण्याहून एसटीने भोर आणि भोरहून वरंधा घाटाने महाड. तुम्ही जाणार असाल तर आधी चौकशी करा. हल्ली पावसाळ्यात हा घाट बहुधा बंद असतो आणि ताम्हिणीने वळसा घालून जावं लागतं. पण घाट उघडा असेल तर खिडकी सोडू नका. भाद्रपदातलं ते हिरवं! ढग बसच्या खालून जात होते. मला राहवेना, मी मोठ्याने कविता म्हणायला लागलो. दोन कडवी झाल्यावर कंडक्टर शेजारी येऊन उभा राहिला. "मास्तर, पाठ झालं असंल तर तिकीट दाखवता का?" अख्खी गाडी हसली. वरंध गावात चहाला थांबलो, तेव्हा मात्र त्यानंच विचारलं, "पुढचं कडवं काय वो त्याचं?"

महाडला कदमांच्या मामांकडे मुक्काम केला. संध्याकाळी चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसलो. ज्या पाण्याच्या ओंजळीसाठी माणसांना लढावं लागलं, त्या पाण्यापाशी बोलणं आपोआप हळू होतं. महाडला जाल तेव्हा बाजारातून थेट स्टँडवर पळू नका, इथे थांबा.

सकाळच्या गाडीने पोलादपूर. स्टँडबाहेरच्या हॉटेलात गरम भजी आणि गूळ घातलेला चहा, आणि मग डोंगर चढायचा. पायांत चपला नकोत, चिखल त्या ठेवून घेतो. वाडीवर पोचलो तर कदमांच्या आईने तांदळाची भाकरी आणि अळूची भाजी पुढ्यात ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पुण्यात जेवाय घालीत नाय वाटतं."

सखाराम ओट्यावर चाळांची दोरी ओवत बसला होता. काळासावळा, देखणा, भांग पाडलेला. मी विचारलं, "गाण्याने बायको येईल अशी खात्री आहे?"

"गुरुजी, माझ्या गाण्यानं परळची चाळ रडली हाय. ही काय चीज!"

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आरतीनंतर आमची वाडी त्याच्या सासुरवाडीला निघाली. नाचाची रीत अशी: शाहीर मध्ये बसतो, मृदंग आणि झांज त्याच्या बाजूला, आणि भोवती फेर धरून पोरं नाचतात. एका वाडीने गाणं टाकलं की दुसरीने त्याला जोडून उत्तर द्यायचंच. शेवटच्या ओळीत शाहीर स्वतःचं नाव गुंफतो, म्हणजे गाणं त्याचं झालं. तिकडचा शाहीर होता बायकोचाच थोरला भाऊ, धोंडू. अंगणात माणूस मावत नव्हता. सगळ्यांना ठाऊक होतं की आज पैज गाण्याची नाही. बायका पडवीत दाटून बसल्या होत्या आणि खांबाला टेकून, हाताची घडी घालून, ती. चंद्रभागा.

धोंडूनेच पहिला वार केला.

"दाजी आमचा गातो गोड, गळा त्याचा सोन्याचा,
बायको ऱ्हाते भावाकडं, पत्ता नाय खोलीचा!"

अंगण फुटलं हसून. सासरेबुवासुद्धा उपरण्यात तोंड लपवून हसले. सखारामने मान खाली घातली, मृदंगवाल्याला हात केला, आणि ते गाणं काढलं. बाईच्या तोंडचं होतं.

"नदीला ग पूर आला, नाव कशी येईल,
धनी माझा मुंबईला, वाट कोण दावील…"

आवाज असा की चाळ वाजवणारी पोरंही पाय हळू टाकू लागली. भरलेली चूल, न जेवलेलं ताट, सांजेला ओढीने दारात येणं, सगळं त्यात होतं. पडवीत पदर डोळ्यांना लागले. माझेही डोळे भरले, मी लपवत नाही. शेवटची ओळ आली:

"सखाराम म्हणे आता, डोळं लागलं वाटंला."

गाणं थांबलं. आता धोंडूने उत्तर द्यायचं. एवढ्या सुंदर रडण्याला टोमणा मारायचा कसा? एक म्हातारी पडवीतून म्हणाली, "चंद्रे, जा गो आता. दगूड बी पाझरंल."

चंद्रभागा खांबापासून हलली नाही. नवऱ्याशी थेट बोलायची रीत नव्हती, म्हणून भावाला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "दादा, त्यांना इचार, दारात कोण उभं ऱ्हायलं हुतं? सासरी हुती तवा मी भाताच्या लावणीला चिखलात हुती."

पुन्हा हशा. पण ती हसत नव्हती.

"नि आणखी एक इचार. जेवली नाय ती मी. रात काढली ती मी. मंग शेवटाला नाव ह्यांचं कसं?"

सखारामने वर पाहिलं.

"माझं दुख घेतलंत, तर माझं नाव बी घ्या. इथं. सगळ्यांसमोर. मंग बघते."

आजच्या वाचकांना यात अवघड काय ते कळायचं नाही. त्या काळी त्या डोंगरात नवऱ्याने चारचौघांत, सासऱ्यासमोर, बायकोचं नाव उच्चारायचं म्हणजे धोतर सोडून उभं राहण्यासारखं. घरातही तो तिला "अगं" म्हणे. परळची चाळ रडवणारा गडी घामाने भिजला. "चं…" म्हणाला आणि खोकला. धोंडू म्हणाला, "दाजी, पानी देऊ?" पोरं खिदळली. कदम मास्तर माझ्या कानात पुटपुटले, "गेली ही. आता नाही येत."

सखाराम उठला. शाहीर कधी उठत नाही, बसूनच गातो. त्याने टोपी काढली, सासऱ्यांकडे बघायचं टाळलं, थेट खांबाकडे बघितलं आणि मृदंगाची वाट न बघता ओळ उचलली:

"चंद्रभागा म्हणे आता…"

मात्रा मोजणं हा माझा धंदा. सखाराम सहा मात्रांचा, चंद्रभागा सात. ओळ ठेचकाळली. मृदंगवाल्याने क्षणभर दचकून एक थाप जास्तीची टाकली आणि चाल पुढे निघाली. वर्गात मी त्या ओळीखाली लाल रेघ मारली असती. त्या दिवशी मी टाळी वाजवली. आणि ओळीचा उरलेला अर्धा भाग त्याने तिथल्या तिथे बदलला: "लावणी केली एकटीनं."

सगळ्यांच्या माना पडवीकडे वळल्या. चंद्रभागेने पदर खोचला. "दादा, त्यांना सांग, खोली बघा म्हणावं. भात घरात आलं की येते." आणि चुलीवरचं बघायला आत गेली. सखाराम मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा हसायला लागला. धोंडूने त्याच्या पाठीत असा गुद्दा घातला की त्याच्या हातातली टोपी उडाली.

त्या संध्याकाळी दोन्ही वाड्या एका पंगतीत जेवल्या. गरम घावन आणि नारळाचं दूध. मी किती खाल्ले ते लिहीत नाही.

परतताना मुंबई-गोवा रस्त्यावर गाडीची वाट बघत मी पुस्तकातल्या कविता एकेक आठवल्या. त्या तितक्याच सुंदर होत्या, आणि आजही मी त्यांच्या बाजूनेच भांडेन. फक्त त्या दिवसापासून कोणतीही विरहकविता शिकवताना मी मुलांना विचारायला लागलो की यात जेवलं कोण नाही. मुलं बावचळत. मग विचार करत.

दिवाळीनंतर कदम मास्तर गावाहून आले ते बातमी घेऊनच. चंद्रभागा मुंबईला गेली होती. खोली म्हणजे अर्धी खोली, मध्ये गोणपाटाचा पडदा, पण गेली.

गाणं मागे डोंगरात राहिलं. पुढे कितीतरी वर्षं ते दोन्ही वाड्यांत गायलं जात होतं, त्या जास्तीच्या थापेसकट. नव्या पोरांना कोणी विचारलं की ही चंद्रभागा कोण, तर ती बिनधास्त सांगत, आमच्याकडची जुनी शाहीर होती. सखारामच्या कानावर हे गेलं, तेव्हा तो कदमांना म्हणाला, "खोटं काय हाय त्यात?"