रोह्याची दुसरी वाट

शेवटची भेट झाली तेव्हा वैशालीताई दवाखान्यातल्या खाटेवरून मला रोह्याच्या स्विचमध्ये, म्हणजे इंटरनेट पुढे वाटून देणाऱ्या पेटीत, काय टाइप करायचं ते सांगत होती. तिची बोटं सुजली होती, म्हणून लॅपटॉप माझ्या मांडीवर. मी तिचा धाकटा भाऊ, शाळेत मराठी शिकवणारा. एकेक अक्षर विचारत होतो. डॉक्टरांनी सकाळी मला बाहेर बोलावून जे सांगितलं ते तिला कसं सांगायचं, हेच मनात घोळत होतं... तिनं विचारलंच नाही.

पेणला रामवाडीतल्या गाळ्यातून ताईनं इंटरनेटचा धंदा उभा केला आणि रोह्यापर्यंत नेला. वाटेत वडखळला खोदकाम निघालं की केबल तुटायची, आमचं रोह्याचं सगळं गिऱ्हाईक बंद. आतल्या गावांतून दुसरी केबल होती, पण जुन्या स्विचना ती वाट हातानं दाखवावी लागे. आजारातही ताई ताटावरून उठायची. आई कळवळायची, "अगो, दोन घास खाऊन जा. लाइन काय पळून जाते?"

"गेलीच हाय ना आई, म्हणून तर निघाले!"

शेवटी तिनं नवे स्विच घेतले. आपली कुठली लाइन चालू आहे ते यातला प्रत्येक स्विच बाकीच्यांना कळवतो. सगळ्यांकडे एकच नकाशा तयार होतो आणि एक लाइन तुटली की ते आपणहून दुसरी धरतात. "हे एकदा बसलं, की मी नसले तरी चालेल," ती म्हणाली होती. तेव्हा ती सुट्टीबद्दल बोलत होती.

त्या दुपारी पेणचा स्विच रोह्याच्या स्विचला ओळखेचना. मी पुन्हा पुन्हा तपासलं. ताईनं डोळे मिटले. "दोन्हीकडचं कायतरी जुळत नाय. राहू दे, उद्या बघू." दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

तिच्या हाताखालच्या नीलेशला तेराव्यानंतर चूक सापडली. दर किती सेकंदांनी एकमेकांची खबर घ्यायची, तो आकडा दोन्ही स्विचवर वेगळा होता. तो सारखा केला आणि जुळलं... इतकंच होतं.

गेल्या आठवड्यात तो मला रोह्याला स्विच ठेवलेल्या खोलीवर घेऊन गेला. खिडकीत ताईचा चहाचा कप पालथा, खुर्चीवर तिची उशी. "सर, बघा," म्हणत त्यानं मुख्य केबल उपटली. एक दिवा विझला, शेजारचा लुकलुकू लागला. त्याच्या मोबाइलवर आमच्याच इंटरनेटवरून लावलेलं गाणं थांबलंसुद्धा नाही.

"आता तुटली तरी कुणाला कळणार नाय," तो कौतुकानं म्हणाला.

"जोड," मी म्हणालो. "आधी ते जोड."

त्यानं जोडलं. मला बसायला त्यानं ताईची खुर्ची पुढे केली. मी खुर्चीची पाठ धरून उभाच राहिलो.