सुरेखाचा पाय

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगायला बसलोय खरा — पण जीभ रेटत नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आंबेगाव तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी इंटर्न होतो. मोठे डॉक्टर मीटिंगला गेले की ओपीडी माझ्या एकट्यावर. त्या दिवशीही ते गेले होते — सबब म्हणून नाही सांगत.

शिनोलीहून एक पोरगा आला, थोरल्या बहिणीबरोबर. पोरगा — बघा, अजूनही तेच तोंडात येतं. वय अठराएक. बहिणीला बाहेर थांबवून, दार लोटून तिनं हळूच सांगितलं, घरी सुरेश म्हणतात, पण मी सुरेखा आहे. अंग बाईसारखं व्हावं म्हणून ती वहिनीच्या पाळणा लांबवायच्या गोळ्या वर्षभर खात होती. आता डावी पोटरी सुजून टणक झाली होती.

त्या गोळ्यांनी पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, हे मला माहीत नव्हतं का? होतं. परीक्षेत लिहिलं होतं.

तरी मी म्हणालो, असलं काही माझ्या तत्त्वात बसत नाही, पुण्याला दाखवा.

ती उठली नाही. म्हणाली, "डॉक्टर, नुसता पाय बघा. बाकीचं नका बघू."

मी हात लावला नाही. पुढच्या पेशंटला हाक मारली.

तत्त्व? कसलं तत्त्व? बाहेर बाकावर माझा मामा बसला होता, जुन्नरहून स्थळ घेऊन आलेला. तिची चाल बघून तो हसला होता. तसं त्यानं मला हसू नये — एवढंच होतं.

आठवड्याभरात गुठळी छातीत पोचली, तिला धाप लागली. जीपनं पुण्याला नेताना वाटेतच गेली.

बहीण येऊन मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगून गेली. त्यांनी मला विचारलं, तेव्हाही मी तत्त्वच पुढं केलं. ते म्हणाले, "ठीक आहे. ज्याचं त्याचं मन असतं." विषय मिटला. स्थळही जमलं.

आता मी मेडिकलच्या मुलांना शिकवतो. मनाला न पटणारा उपचार डॉक्टरनं नाकारावा का, यावर तास घेतो — चांगला घेतो, म्हणतात. मागच्या वर्षी एका मुलीनं उभं राहून विचारलं, सर, तुम्ही कधी कुणाला नाकारलंय?

मी म्हणालो, "नाही."

आणि खडू घेऊन फळ्याकडे वळलो.