पळवाटांचा इंजिनिअर

मिरजेच्या स्टेशनवर दादाने माझी बॅग डब्यात चढवली आणि म्हणाला, "ऑफिसनं धाडलंय, तर जायलाच हवं. आईचं मी बघतो." आई तेव्हा खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली होती. मी नुसती मान हलवली. पुतण्यांनो, लग्नाकार्यात तुम्ही अजूनही पाहुण्यांना सांगता, काकांना जावंच लागलं. ते खरं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

मी फ्रँकफर्टला आलो. इथे उंच इमारतीला होखहाउस म्हणतात. किती उंच? ढोबळ हिशेब असा, की अग्निशमन दलाची शिडी पोहोचत नाही तिथेही माणसं वावरू लागली, की ते होखहाउस. शेकडो वर्षं या गावात चर्चचा मनोराच सर्वांत उंच होता. पण तिथे माणसं नव्हे, घंटा राहायची. मग पोलाद आलं, लिफ्ट आली आणि माणसं ढगात बसून कामं करू लागली. आग लागली तर त्यांना खाली कसं आणायचं, हे माझं काम. धूर शिरू नये म्हणून हवेचा दाब राखलेला जिना, किल्लीवाचून नुसतं ढकलताच उघडणारं दार. टॉवरचे फोटो सगळे काढतात, त्या जिन्याचा कोणी काढत नाही. माझं अडखळतं जर्मन ऐकून घेत इथल्या लोकांनी मला हे शिकवलं. त्यांचे उपकार मोठे आहेत.

माझी नात ईशा मराठी समजते, उत्तर जर्मनमध्ये देते. मध्यंतरी तिने विचारलं, या आगीतून सुटायच्या रस्त्याला, फ्लुख्टवेगला, मराठीत काय म्हणायचं? मी पटकन म्हणालो, "पळवाट." पळायची वाट, चुकलं कुठे?

रविवारी दादाला व्हिडिओ कॉल लावला, तर बाईसाहेब चक्क मराठीत म्हणाल्या, "मोठे आजोबा, आमच्या आजोबांनी आयुष्यभर पळवाटाच काढल्या!"

दादा ठसका लागेपर्यंत हसला. मागून वहिनी म्हणाल्या, "गुणाची गं पोर! भावजी, आता बोला."

मला हसू येईना. म्हणालो, "दादा, ती बरोबर बोलतेय. मला ऑफिसनं धाडलं नव्हतं. मीच अर्ज केला होता. आई तशी पडलेली असताना."

"ठाऊक आहे की," दादा म्हणाला. "तुझे साहेब बाजारात भेटले होते. म्हणाले, स्वतःहून अर्ज केला, भाऊ धडपड्या हो तुमचा, पेढे कधी देताय?"

"मग स्टेशनवर तसं का बोललास?"

"आईनं बजावलं होतं. म्हणाली, गप्प बस. त्याचं खोटं उघडं पडलं तर लाजेनं राहील इथं, आणि रोज तोंड पाडून बसेल माझ्या उशाशी. ते मला बघवणार नाही."

वहिनींनी विषय बदलून पोरीला जेवलीस का विचारलं. ईशा म्हणाली, "या, या," म्हणजे जर्मनमध्ये हो हो. तिकडे वहिनींना वाटलं, ही आपल्यालाच जेवायला बोलावतेय. मग सगळेच हसलो. मीसुद्धा.

इतकी वर्षं मला वाटे, मी घराला फसवून निघालो. घर फसलं नव्हतं. यापुढे पाहुण्यांना नीट सांगा : काकांना कुणी पाठवलं नाही. काका स्वतःच्या हौसेनं गेले, आणि सगळं ठाऊक असूनही त्यांच्या आईनं आणि भावानं त्यांना जाऊ दिलं. घर कुठे, असं इथे कोणी विचारलं, तर अजूनही माझ्या तोंडून आधी मिरजच येतं. आता ते म्हणताना आवाज चोरावा लागत नाही.